टाकींतील कुसळकिडे

खाऱ्या पाण्याची कांचेची टाकी घरांत ठेवणें हा आतां केवळ संस्थानिकांचा षोक राहिलेला नाहीं. शहरांतील कित्येक दिवाणखान्यांच्या कोपऱ्यांत निळसर दिव्याखालीं तरंगणारे मासे, हलणारीं समुद्रफुलें आणि त्यांच्या पाठीशीं रचलेले भोंकाभोंकांचे दगड असा देखावा दिसतो. मंडळी सायंकाळीं त्या टाकीपुढें बसतात, आल्यागेल्याला ती कौतुकानें दाखवितात आणि रात्रीं दिवा मालवून निजावयास जातात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मध्यरात्रीं पाणी पिण्यास उठलेल्या कोणीं सहज विजेरीचा झोत टाकीवर टाकला, तर दिवसां निर्जीव वाटणाऱ्या त्या दगडांच्या फटींतून तांबूस-गुलाबी रंगाचे, दोहों बाजूंस पांढऱ्या कुसळांच्या झालरी असलेले, कोणी बोटभर तर कोणी वीतभर लांब, असे किडे हळूहळू बाहेर येऊन वाळूवर सरपटतांना दिसतात. मग घरांत एकच गडबड उडते. "हें काय आणून ठेवलें आहे घरांत?" असा प्रश्न होतो आणि सकाळीं चिमटे व सुऱ्या बाहेर निघतात.

श्रोतेहो, त्या सुऱ्या बाहेर निघण्यापूर्वीं चार शब्द सांगावे म्हणून आजचें हें भाषण आहे. या किड्यांना मारावें कीं राहूं द्यावें, या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. एकाच नांवाखालीं येणाऱ्या या प्राण्यांत झाडलोट करणारा आहे, विषारी आहे, दरोडेखोर आहे, आणि फूल समजून हात पुढें व्हावा असा रूपवानही आहे.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें यांचें घराणें आपणांस परकें नाहीं. पावसाळ्यांत अंगणांत निघणारें गांडूळ आणि डबक्यांतील जळू ज्या वलयी संघांत मोडतात, त्याच संघांतील हे किडे होत. गांडुळाप्रमाणेंच यांचें शरीर एकापुढें एक ठेवलेल्या कड्यांचें बनलेलें असतें. मात्र गांडुळाच्या अंगावरील राठ केंस इतके आंखूड असतात कीं ते बोटाला जाणवतात, डोळ्यांना दिसत नाहींत. समुद्रांतील या भाऊबंदांच्या प्रत्येक कड्याला उजवीकडे व डावीकडे एकेक मांसल वल्हें फुटलेलें असतें आणि त्या वल्ह्याच्या टोंकांतून कुसळांचा झुबका निघतो. शास्त्रज्ञ त्यांना 'पॉलिकीट' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही 'पुष्कळ केंसांचा' असाच आहे. आपण सोयीसाठीं त्यांना कुसळकिडे म्हणूं. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद आजवर झालेली आहे. किनाऱ्यावरील चिखलापासून महासागराच्या अंधाऱ्या तळापर्यंत ते पसरलेले आहेत. कोणी वल्ह्यांनीं पोहतात, कोणी बिळांत राहतात, तर कोणी स्वतःभोंवतीं चुन्याची नळी बांधून तींत जन्म काढतात. भारताच्या समुद्रांतील जातींविषयीं पिएर फोव्हेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा जाडजूड ग्रंथ १९५३ सालीं अलाहाबादेस प्रसिद्ध झाला. तो नुसता चाळला तरी आपल्या किनाऱ्यावर किती तऱ्हेचीं कुसळें वावरतात याची कल्पना येते.

हे टाकींत येतात कोठून? मासे विकत आणले, वाळू विकत आणली; किडे तर कोणीं आणले नव्हते. याचें उत्तर त्या भोंकाभोंकांच्या दगडांत आहे. पोंवळीं म्हणजे अतिशय लहान प्राण्यांच्या वसाहती. ते प्राणी आपल्या पायाखालीं चुन्याचे थर घालीत राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या गवंडीकामांतून प्रवाळभित्ति उभी राहते. परंतु ती कधींच एकसंध नसते. स्पंज, कांहीं जातींचे शिंपले आणि कुसळकिडे तिला अविश्रांत पोखरीत असतात. त्यामुळें प्रवाळी खडकाचा कोणताही तुकडा मुंबईतील जुन्या चाळीसारखा असतो. खोल्या लहान, जिने अंधारे आणि एकेका खोलींत दोन-दोन बिऱ्हाडें! असा दगड समुद्रांतून उचलून, ओला ठेवून, खोक्यांत भरून दूरदेशीं पाठविला तरी त्यांतील पुष्कळ भाडेकरू जिवंत राहतात. व्यापारांत त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात तें याचसाठीं. दगडांतील सूक्ष्म जंतु टाकीचें पाणी राखण्याच्या कामीं फार उपयोगी पडतात, म्हणून छंदी लोक पैसे मोजून तो घेतात. कुसळकिडे त्याबरोबर फुकट येतात.

यांची शास्त्रीय ओळख बरीच जुनी आहे. बर्लिन येथें १७४१ सालीं जन्मलेला पीटर सायमन पालास हा निसर्गशास्त्रज्ञ जेमतेम पंचविशीचा असतांना, १७६६ सालीं, हेग येथें त्याचा एक ग्रंथ निघाला. आज ज्या चार प्रमुख पात्रांविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील तिघांचें वर्णन त्या एका ग्रंथांत प्रथम आलें. चौथ्याचें त्यानेंच पुढें १७८८ सालीं केलें. पाण्याखालीं उतरून प्रवाळभित्तीचें जीवन डोळ्यांनीं पाहण्याचीं साधनें त्या काळीं नव्हतीं. मेलेल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवरून काम चालवावें लागे. त्यामुळें हे प्राणी कसे दिसतात हें युरोपांतील पंडितांना माहीत झालें, पण ते कसे वागतात हें कळावयास आणखी दोन शतकें जावीं लागलीं.

आधीं दरोडेखोराची हकीकत सांगतों. कारण सर्व कुसळकिड्यांची बदनामी मुख्यतः त्याच्यामुळें झालेली आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांत न्यूकी म्हणून समुद्रकांठचें गांव आहे. तेथील ब्लू रीफ मत्स्यालयांत २००९ सालीं एक चमत्कारिक प्रकार चालला होता. एका टाकींतील पोंवळीं सकाळीं पहावें तों तुटलेलीं, कुरतडलेलीं आढळत. एक मासा तर जखमी झालेला सांपडला. चोर कोण तें कळेना. आमिष लावून सांपळे ठेवले, तर सकाळीं सांपळे मोडलेले आणि आमिष नाहींसें! अखेरीस नोकरवर्गानें टाकींतील सगळा देखावा एकेक दगड काढून उकलला, तेव्हां सुमारें चार फूट लांबीचा एक किडा हातीं लागला. पोरवयांत दगडाच्या एखाद्या भोंकांत बसून तो आला असावा आणि कोणाच्याही नजरेस न पडतां तेथेंच लहानाचा मोठा झाला असावा, असा तर्क करण्यांत आला. त्याला मारलें मात्र नाहीं. 'बॅरी' असें घरगुती नांव देऊन त्याची स्वतंत्र टाकींत सोय केली.

या जातीचें शास्त्रीय नांव 'यूनिस अफ्रोडिटॉइस'. ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेचें नांव त्यांत गुंफलेलें आहे, आणि त्याच्या तांबूस-काळसर अंगावर इंद्रधनुष्याचे जे रंग खेळतात ते पाहिले म्हणजे तें अगदींच अस्थानीं वाटत नाहीं. इंग्रजींत त्याला 'बॉबिट वर्म' असेंही म्हणतात. हें नांव १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत गाजलेल्या एका फौजदारी खटल्यावरून पडलें. ती कथा घरांतील सर्व मंडळी एकत्र बसून ऐकत असतांना सांगण्यासारखी नाहीं. त्या नांवामुळें मादी नराला इजा करते अशी एक आवई उठली आहे, तिला मात्र कांहींच आधार नाहीं. या किड्याचीं बीजें पाण्यांतच सोडलीं जातात आणि तेथेंच त्यांचा संयोग होतो.

त्याची शिकारीची रीत एकदां कळली म्हणजे न्यूकी येथील प्रकाराचें नवल वाटत नाहीं. सगळें शरीर वाळूंतील किंवा खडकांतील बिळांत. बाहेर केवळ डोकें, त्यावरील पांच आंखूड मिशा आणि उघडा ठेवलेला जबडा. मिशीला मासा निसटता लागला कीं कात्रीसारखा जबडा मिटतो आणि क्षणार्धांत मासा वाळूखालीं ओढला जातो. जपानांत शिराहामा येथील मच्छीमारी बंदरांत एका तराफ्याच्या तरंडांत २००९ सालींच या जातीचा एक किडा सांपडला. त्याची लांबी २९९ सेंटिमीटर भरली, कडीं ६७३ आणि वजन ४३३ ग्रॅम. दहा फुटांच्या घरांतली ही लांबी, आणि वजन अर्ध्या किलोच्या आंत! दोरीसारखें शरीर म्हणतात तें असें. तैवानांतील सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत सांपडलेलीं, इंग्रजी 'एल्' अक्षरासारखीं वळलेलीं दोन-दोन मीटर लांबीचीं बिळें अशाच एखाद्या शिकाऱ्याचीं असावींत, असें मत तेथील संशोधकांनीं २०२१ सालीं मांडलें. तेव्हां हा धंदा कांहीं आजकालचा नव्हे.

आणि मासेही अगदींच गरीब गाय नाहींत. इंडोनेशियांतील लेंबे सामुद्रधुनींत एका जातीच्या लहान माशांचें वर्तन २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत वर्णिलें आहे. आपल्यापैकीं एखाद्यावर हल्ला झाला, किंवा किड्याचें बीळ नुसतें दिसलें, कीं हे मासे त्या बिळाच्या तोंडाशीं जमतात आणि जवळजवळ डोक्यावर उभे राहून आंत पाण्याच्या चुळा सोडूं लागतात. लपून बसलेल्याचें ठिकाण सर्वांना माहीत झालें म्हणजे त्याची शिकार संपली. किडा मुकाट्यानें आंत सरकतो. आपल्याकडे दिवसां घुबड दिसलें कीं कावळे भोंवतीं कल्ला करतात, त्यांतलाच हा प्रकार!

आतां घरच्या टाकीपुरतें ओळखावयाचें असें. किडा शिसपेन्सिलीसारखा वाटोळा, चकचकीत, रंग बदलल्यासारखा भासणारा असेल, त्याच्या डोक्यावर पांच स्पष्ट मिशा असतील आणि कुसळें फारशीं उठून दिसत नसतील, तर तो यूनिसच्या कुळांतला. या कुळांतही लहान व निरुपद्रवी जाति पुष्कळ आहेत. परंतु तो वाढत चालला असेल आणि मासे नाहींसे होत असतील, तर संबंध दगडच बाहेर काढावा हें बरें. याउलट किडा चपटा, मऊ, गुलाबी किंवा करड्या रंगाचा आणि दोहों बाजूंस पांढऱ्या कुसळांची दाट झालर मिरविणारा असेल, तर तो सुरीच्या लायकीचा नव्हे. घरच्या टाक्यांत आढळणारे बहुतेक कुसळकिडे या दुसऱ्या प्रकारचे असतात.

मात्र सुरी नको म्हणजे हात चालेल, असें नव्हे. ही झालरवाली मंडळी ज्या कुळांतील आहे त्याला अग्निकिड्यांचें कुळ म्हणतात. त्यांचीं कुसळें चुनखडीच्या द्रव्याचीं, कांचेसारखीं ठिसूळ असतात. स्पर्श होतांच तीं कातडींत घुसून तेथेंच मोडतात. रानांत खाजकुइलीच्या शेंगेला ज्याचा हात लागला आहे, किंवा पावसाळ्यांत ज्याच्या मानेवर सुरवंट पडला आहे, त्याला या आगीचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. ही आग नुसती टोंचल्याची नसते. टाक्यांत ज्याच्या कुळांतले किडे नेहमीं आढळतात त्या 'युरिथो कॉम्प्लनाटा' या जातीपासून जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं सूज आणणारें एक द्रव्य वेगळें काढलें आणि २००८ सालीं त्याची घटना प्रसिद्ध केली. ही जात आपल्या भारतीय किनाऱ्यावरही नोंदलेली आहे. तेव्हां दगड हलवितांना जाड रबरी हातमोजे घालावे. कुसळें लागलींच तर तीं चोळूं नयेत. चोळल्यानें तीं अधिक आंत जातात. चिकटपट्टी दाबून ओढल्यास पुष्कळशीं निघून येतात. सूज वाढली किंवा श्वासास त्रास होऊं लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

या कुळांतला खरा बदनाम प्राणी म्हणजे अटलांटिक महासागरांत, कॅरिबियन समुद्रांत आणि भूमध्य समुद्रांत आढळणारा 'हर्मोडिस कॅरनक्युलाटा'. डिवचला कीं तो दोहों अंगांचीं पांढरीं कुसळें फुलवितो आणि सांपडल्यास जिवंत पोंवळ्यांवरही ताव मारतो. फांद्यांसारख्या पोंवळ्यांचें टोंक तोंडांत घेऊन त्यावरील मांस तो विरघळवून शोषून घेतो. मागें पांढरें टोंक उरतें. इस्रायलच्या किनाऱ्यावरील एका पोंवळ्याला दर उन्हाळ्यांत जंतूंचा रोग होऊन तें पांढरें पडे आणि हिवाळ्यांत बरें होई. थंडीच्या दिवसांत पोंवळ्यांत न सांपडणारे ते जंतु राहत होते कोठें, हें कोडें होतें. २००३ सालीं तेथील संशोधकांनीं तें सोडविलें. जंतूंचा हिवाळी मुक्काम याच किड्याच्या शरीरांत होता, आणि ऊन वाढूं लागल्यावर पोंवळें कुरतडतां कुरतडतां किडा त्यांना परत पोंचवीत होता. पुढें कांहीं वर्षांत त्या पोंवळ्याला तो जंतु बाधेनासा झाला, ही त्या कथेची आणखी एक कलाटणी. या सगळ्या हकीकतीवरून हर्मोडिस निर्दोष आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या अपराधासाठीं त्याच्या चुलतभावांना फांशीं देणें, हें ज्या न्यायानें होतें त्याला न्याय म्हणवत नाहीं.

ते चुलतभाऊ करतात काय? उरलेलें खातात. टाकींत चिमूटभर खाद्य टाकलें म्हणजे मासे त्यांतलें कांहीं खातात आणि कांहीं दगडांच्या सांदींत जाऊन पडतें. एखादा मासा रात्रीं मरतो आणि दगडाखालीं अडकतो. सकाळीं मोजदाद करतांना तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. समुद्रांत असें कांहीं पडून राहिलें तर लाटा तें वाहून नेतात. टाकीला लाटा नाहींत. तेथें पडलेलें सडतें, सडल्यानें अमोनिया होतो, आणि अमोनियाचें थोडें प्रमाणही माशांना विषासमान असतें. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट बनवितात, दुसऱ्या जातीचे त्यापासून पुष्कळ कमी अपायकारक असें नायट्रेट. ज्याच्यासाठीं आपण दगड विकत घेतला तें काम हेंच. पण जंतूंचें हें काम धीम्या गतीनें चालतें, आणि मेलेल्या माशाएवढा लगदा एकाच जागीं सडूं लागला तर त्यांना तो आवरत नाहीं. कुसळकिडा नेमका अशा ठिकाणीं शिरतो जेथें आपली नळी पोंचत नाहीं, आपला हात पोंचत नाहीं आणि माशाचें तोंडही पोंचत नाहीं. तो लगदा खाऊन फस्त करतो, वाळू उकरून तिच्यांत पाणी खेळतें ठेवतो. त्याच्याही विष्ठेंतून अमोनिया निघतोच. खाल्लेलें नाहींसें करण्याची जादू त्याच्याजवळ नाहीं. परंतु एका जागीं सडणारा ढीग फोडून तो जंतूंच्या आवांक्यांत आणून देतो, आणि एवढ्यानें टाकी वांचूं शकते.

येथें एक आरोप नेहमीं होतो. "मेलेला मासा उचलला तेव्हां त्याला दहा किडे चिकटलेले होते, त्यांनींच त्याला मारलें." गिधाडें जनावराच्या प्रेतावर दिसतात म्हणून जनावर गिधाडांनीं मारलें असें आपण म्हणत नाहीं. निरोगी, पोहणारा मासा पकडण्याइतका वेग या किड्यांत नाहीं आणि यूनिससारखा जबडाही नाहीं. मासा आधीं आजारी असतो किंवा मेलेला असतो. किडे मागाहून येतात.

मग त्यांची संख्या एकाएकीं शेंकड्यांवर जाते ती कां? ती वाढते, कारण आपण खाद्य अधिक घालतों. कोठीच्या खोलींत उंदीर वाढले तर ज्याप्रमाणें शहाणी गृहिणी आधीं डब्यांचीं झांकणें पाहते, त्याप्रमाणें टाकींत कुसळकिडे वाढले तर आधीं आपल्या चिमटीकडे पहावें. मुलांना मासे खातांना पाहण्याची हौस असते, नोकर सकाळीं एकदां घालतो, मालक सायंकाळीं दोनदां, आणि पाहुणे आले म्हणजे तिसऱ्यांदां. खाद्य निम्म्यावर आणलें कीं महिन्या-दोन महिन्यांत किडेही आपोआप कमी होतात. हा उपाय फुकटचा आहे. बहुधा याच कारणानें तो कोणास आवडत नाहीं.

सुरीनें तर उलटाच परिणाम होतो. युरिथोसारख्या जाति शरीराचे तुकडे पडून वाढणाऱ्या आहेत. त्यांतील पुष्कळशा तुकड्यांना पुढें डोकें व मागें शेपूट नव्यानें फुटतें. ज्यानें एकाचे तीन तुकडे केले, त्यानें तीन किडे पाळले. जे तुकडे मरतात ते दगडांत सडून पाणी नासवितात तें वेगळेंच. विषारी औषध घालून सर्वांचा एकदम नाश करूं पाहणें हा त्याहून मोठा अविचार. शेंकडों किडे एका रात्रींत मेले म्हणजे त्यांच्या अमोनियानें सकाळीं मासेही उलटे तरंगतांना दिसतात. कमी करावयाचेच असतील तर कोळंबीचा तुकडा घातलेली अरुंद नळी रात्रीं वाळूवर ठेवावी आणि पहांटे ती किड्यांसकट उचलावी.

आतां थोडें त्या रूपवानाकडे वळूं. प्रवाळभित्तीवरील गोल, घट्ट पोंवळ्यांच्या पाठीवर कधीं कधीं बोटाच्या पेराएवढ्या लहान झाडांच्या जोड्या दिसतात. कोणी निळ्या, कोणी केशरी, कोणी पांढऱ्या. प्रत्येक झाड शंखासारखें वर वर निमुळतें होत गेलेलें असतें. पाश्चात्यांना त्यांच्यांत नाताळचें झाड दिसलें आणि तेंच नांव रूढ झालें. हीं झाडें म्हणजे 'स्पायरोब्रँकस' नांवाच्या कुसळकिड्याचे पिसारे होत. बाकीचा किडा पोंवळ्याच्या आंत, चुन्याच्या नळींत, कधीं न दिसणारा. पिसाऱ्यानेंच तो श्वास घेतो, त्यानेंच पाण्यांतून वाहणारे अन्नकण गोळा करतो. इतकेंच नव्हे, तर त्याचे डोळेही त्या पिसाऱ्यावरच असतात. सांवली पडली कीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच झाड नाहींसें होतें आणि नळीचें तोंड एका झांकणानें बंद होतें. या किड्यांचें आयुष्य जपानी संशोधकांनीं मोजलें तेव्हां कांहीं चाळीस वर्षांच्या आसपास जगतात असें दिसून आलें. एवढ्या काळांत त्याच्याभोंवतीं पोंवळें वाढत जातें आणि तोही नळी लांबवीत जातो. पोंवळें खाणारा कांटेरी तारामासा चाल करून येतो, तेव्हां या किड्यांभोंवतालचा जिवंत भाग पुष्कळदां वांचलेला आढळतो. मग त्या बेटांवरून पोंवळें पुन्हां पसरतें. म्हणजे भाडेकरूही कधीं कधीं घर राखतो.

सामोआ बेटांतील 'पालोलो' हाही याच गोतांतला, यूनिसचा जवळचा नातलग. वर्षभर तो खडकांत दडलेला असतो. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर महिन्यांत पौर्णिमेनंतर सातआठ दिवसांनीं, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणें वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, त्याच्या शरीराचा बीजानें भरलेला मागील भाग तुटून वर पोहत येतो आणि समुद्र हिरव्या-तांबूस शेवयांनीं भरून जातो. मूळ किडा खडकांतच राहून पुन्हां शेपूट वाढवितो. बेटांतील लोक कंदील व जाळीं घेऊन त्या रात्रीं पाण्यांत उतरतात आणि ताज्या पालोलोची मेजवानी करतात. ज्या प्राण्याला आपण चिमट्यानें फेंकतों, त्याच्या भावाची कोठें वर्षभर वाट पाहिली जाते!

शेवटीं त्या दगडाविषयीं बोललें पाहिजे, कारण किड्याहून गंभीर प्रश्न तेथें आहे. एक दगड समुद्रांतून उचलला म्हणजे एक चाळच उचलली. शोभेच्या टाक्यांची मागणी येण्यापूर्वींपासून आपल्याकडे हें चाललें होतें; मन्नारच्या आखातांत चुन्यासाठीं व बांधकामासाठीं कित्येक दशकें पोंवळ्यांचे दगड काढले गेले. कच्छचें आखात, मन्नार, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हीं भारतांतील प्रवाळभित्तींचीं मुख्य ठिकाणें. महाराष्ट्रांत मालवणच्या समुद्रांत पोंवळीं आहेत, तेथें १९८७ सालीं अभयारण्य झालें. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर खोल समुद्रांत कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें 'आंग्रिया बँक' हें बुडालेलें प्रवाळी पठार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००१ सालीं सर्व कठीण पोंवळ्यांचा पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, समावेश करण्यांत आला. तेव्हां किनाऱ्यावरून 'शोभेला' म्हणून ओला प्रवाळी दगड आणणारा, आणि दुकानांत तो कोठून आला हें न विचारतां घेणारा, दोघेही कायद्याच्या दृष्टीनें कोठें उभे आहेत हें त्यांचें त्यांनीं पहावें. भट्टींत भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंट-वाळूचे भोंकाळ दगड आतां मिळतात. जंतु त्यांतही वस्ती करतात. फक्त त्यांना कांहीं आठवडे धीर धरावा लागतो. अशा दगडांतून दरोडेखोर येत नाहीं. झाडलोट करणारा हवा असल्यास ओळखीच्या एखाद्या छंदी माणसाच्या जुन्या टाकींतून चिमूटभर वाळू मागून आणली तरी पुरते. तींत एकदोन किडे निघतातच.

आणि ज्यांच्या टाकींत ते आधींच आहेत, त्यांनीं आज रात्रीं एवढें करावें. दिवे मालविल्यानंतर तासाभरानें विजेरीच्या कांचेवर तांबडा कागद बांधून टाकीजवळ जावें. तांबडा उजेड या किड्यांना फारसा जाणवत नाहीं. वाळूवर कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाकावा आणि घड्याळ लावून बसावें. प्रथम फटींतून एक डोकें बाहेर येईल, थोडें चांचपडेल. मग दुसरें, मग तिसरें. तुकडा संपावयास किती मिनिटें लागलीं तें वहींत टिपून ठेवावें, आणि उद्यां टाकींत किती खाद्य घालावयाचें तें त्यावरून ठरवावें.